भवानी मंडप, महाद्वार, खासबाग : एका दिवसाचा नीट क्रम

कोल्हापूरला आलेल्या पाहुण्यांचा दिवस साधारण अकरा वाजता बिघडतो. गाडी थेट महाद्वार रोडला घालायची, जागा नाही म्हणून गल्लीबोळांत चकरा मारायच्या, भर उन्हात दर्शनाची रांग धरायची, बाहेर आल्यावर पहिल्या दिसेल त्या दुकानात चप्पल घ्यायची आणि मग दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गुजरीत सोनं बघत उभं राहायचं. संध्याकाळी नाटकाला पोचावं तर प्रयोग दुसऱ्याच सभागृहात. ठिकाणं सगळी बरोबर असतात, चुकतो तो क्रम.

हा सगळा भाग पायी फिरायचा आहे. बिंदू चौक, भवानी मंडप, अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाइन, मिरजकर तिकटी आणि खासबाग हे सगळं एका फेरीत बसतं आणि जिथून निघालात तिथेच परत आणून सोडतं. पुढे काय करायचं ते एकच गोष्ट विचारून ठरवायचं : आत्ता हातात काय आहे? रिकाम्या हाताने दर्शन, एका पर्समध्ये मावेल ती खरेदी त्यानंतर, जड पिशव्या शेवटी, आणि नाटकाला परत रिकामे हात.

टप्पा १ : दिवस निवडा

मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार. त्या दिवशी रांग लांब असते. रविवारी बाहेरगावच्या गाड्या येतात. फिरणं आणि खरेदी हाच हेतू असेल तर बुधवार किंवा गुरुवार धरा. नवरात्रात बाजार फिरायचा बेत करूच नका. ते दिवस दर्शनाचे, आणि या भागातले बरेच रस्ते तेव्हा वाहनांना बंद असतात. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश ही सगळी वाटच मिरवणुकीची. ती बघायला जरूर या, पण त्या दिवशी चप्पल घ्यायला येऊ नका.

नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि जानेवारीअखेर ३१, मग १ आणि २ फेब्रुवारी या तारखांच्या आसपास किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. तो बघायचा असेल तर त्या दिवसाची संध्याकाळ देवळातच जाणार, बाजार दुसऱ्या दिवशी.

*तपासा :* घ्यायच्या ठरलेल्या दुकानाला आदल्या दिवशी फोन करून साप्ताहिक सुट्टी विचारा. गुजरीतल्या पेढ्यांच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

टप्पा २ : आदल्या रात्रीची तयारी

चार गोष्टी पुरेत. जुनी, सहज काढता-घालता येणारी चप्पल. एक घडी होणारी कापडी पिशवी. सुट्टे पैसे, कारण यूपीआय सगळीकडे चालत असलं तरी देवळाबाहेरचा चप्पल स्टँड, फुलवाली मावशी आणि भेळेच्या गाड्यावरची गर्दी इथे दहाची नोट जास्त लवकर काम करते. आणि सोन्याची खरेदी असेल तर पॅन कार्ड.

कपड्यांचं एक. देवळात आखूड कपडे चालत नाहीत. दारात अडवल्यावर महाद्वार रोडवरून घाईने ओढणी विकत घेणारे रोज दिसतात. ती वेळ आणू नका.

नाटकाचं तिकीट काढलं असेल तर त्यावरचं सभागृहाचं नाव आत्ताच वाचा. का, ते टप्पा ८ मध्ये.

टप्पा ३ : गाडी बाहेर ठेवा

रेल्वे स्थानक किंवा एसटी स्टँडवरून देऊळ अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. रिक्षा करा नाहीतर केएमटीची बस धरा. रिक्षावाल्याला 'महालक्ष्मी मंदिर' एवढंच सांगितलं तर तो त्याला सोयीच्या तोंडाला सोडेल. 'भवानी मंडप' किंवा 'बिंदू चौक' असं सांगा. फेरी तिथूनच सुरू होते.

स्वतःची गाडी असेल तर बिंदू चौकातलं वाहनतळ गाठा. तिथून भवानी मंडप पायी चार-पाच मिनिटांवर. वाहनतळ भरलेलं असलं तर आत घुसू नका. दसरा चौकाच्या बाजूला मागे या आणि तिथून चालत किंवा रिक्षाने जा.

*सावध :* नकाशा बघून गाडी महाद्वार रोडवर नेणं ही सगळ्यात महागडी चूक. दोन्ही बाजूंना फेरीवाले, मध्ये माणसांचा लोंढा, उलट फिरायला जागा नाही, आणि वाहतूक पोलिसाची शिट्टी तुमच्यासाठीच. भावा, गाडी कितीही भारी असली तरी तिथं तिची ऐट चालत नाही.

टप्पा ४ : दर्शन सकाळी, सगळ्यांच्या आधी

सात-साडेसातला रांगेत असाल तर दिवस तुमचा. देवळाला चारही बाजूंनी दरवाजे आहेत. पश्चिमेचं ते महाद्वार, उत्तरेचा घाटी दरवाजा. तुम्ही भवानी मंडपाकडून पूर्वेच्या बाजूने येणार आणि दर्शन झाल्यावर महाद्वारातून बाहेर पडणार. म्हणजे मागे वळायचं नाही. इथेच एक अडचण येते : ज्या दाराशी चप्पल काढली त्याच दाराशी परत यावं लागतं. म्हणून चप्पल पूर्वेला सोडू नका. बाहेरून वळसा घालून महाद्वाराच्या बाजूच्या स्टँडवर ठेवा, टोकन खिशात टाका, मग रांगेकडे जा. पाच मिनिटं जास्त जातात, पण नंतरची अनवाणी पायपीट वाचते.

वेळ कमी असेल, सोबत म्हातारं माणूस असेल, तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते. ती बरीच भराभर सरकते. गाभाऱ्यापर्यंत जायचंच असा हट्ट असेल तर मात्र गर्दीच्या दिवशी तासांचा हिशेब धरा.

*तपासा :* महाद्वारातून बाहेर पडताना टोकन दिलंत, चप्पल मिळाली, हात रिकामे आहेत? मग पुढे चला.

टप्पा ५ : मिसळ, आणि ती दुपार व्हायच्या आत

मिसळ हा इथला सकाळचा खेळ आहे. नावाजलेल्या बऱ्याच ठिकाणी दुपार व्हायच्या आत कट संपतो आणि शटर खाली येतं. म्हणून दर्शन झालं की पहिलं काम हेच.

बाहेरच्यांची चूक पाव मागण्यात होते. इथे मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड येतो. तो कटात बुडवून खायचा असतो, पाव नाही म्हणून नाराज व्हायचं नसतं. ताटलीत खाली मटकी, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर, आणि वाटीत वेगळा पातळ तांबडा कट. तो कट एकदम सगळा ओतू नका. आधी दोन चमचे घाला, तिखट किती आहे ते जिभेला कळू द्या, मग वाढवा. कट परत मिळतो. 'दादा, जरा कट द्या की' एवढं म्हटलं की वाटी भरते. तिखट सोसत नसेल तर दही मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही, इथली पोरंही मागतात.

तांबडा-पांढरा रस्सा दुपारच्या जेवणाला ठेवा. दर्शन आधी झालेलं असतं, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचीही कुरकुर राहत नाही.

टप्पा ६ : गुजरी, हात मोकळे असताना

महाद्वारातून बाहेर आल्यावर उजवीकडे, म्हणजे पापाची तिकटीच्या दिशेने चाला. डावीकडचा बिनखांबी गणेश मंदिराकडचा रस्ता आत्ता घेऊ नका. दुकानं साडेदहा-अकराच्या पुढे नीट उघडतात, तोवर रस्त्यावरच्या हळदी-कुंकवाच्या राशी, बांगड्या बघत रेंगाळता येतं. मग गुजरीत वळा.

इथे कोल्हापुरी साज, ठुशी, पुतळी माळ बघायला सगळे येतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. त्यामुळे जरा थांबून लिहितो.

साजात परंपरेने एकवीस पानं असतात. आता कमी पानांचे हलके साजही भरपूर मिळतात. म्हणून 'साज केवढ्याला?' या प्रश्नाला अर्थ नाही. आधी पानं किती, मग वजन किती, मग भाव. पानांच्या मध्ये ओवलेल्या मण्यांत लाख भरलेली असते. ती सोन्याच्या पातळ पत्र्याला आधार देते, त्यात फसवणूक काही नाही. पण तराजूवर लाखेचंही वजन चढतं. म्हणून सराफाला स्पष्ट विचारायचं : 'एकूण वजन किती आणि लाख वजा करून निव्वळ सोनं किती?' चांगला सराफ हे तुम्ही विचारायच्या आधी कागदावर मांडून दाखवतो. जो 'ते बघून घेऊ आपण' म्हणतो, त्याच्याकडे चहा घ्या आणि उठा.

हॉलमार्क बघायचा म्हणजे तीन गोष्टी बघायच्या : बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कची सक्ती असलेला सोन्याचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दुकानातला भिंगाचा चष्मा मागा, क्रमांक वाचा आणि मोबाइलमधल्या बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच टाकून बघा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते, ती हातातल्या वस्तूशी जुळली पाहिजे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला ही सक्ती नाही, त्यामुळे बारीक मणी-डोरली घेताना पक्क्या बिलावरच भिस्त.

बिलात निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि हॉलमार्कचा आकार वेगवेगळे लिहिलेले हवेत. सगळं मिळून एकच आकडा टाकलेली चिठ्ठी घेऊन बाहेर पडू नका. मोडीच्या वेळी ती चिठ्ठी तुमच्याच विरुद्ध बोलते.

*सावध :* महाद्वार रोडवर 'एक ग्रॅम' म्हणून जे साज टांगलेले असतात तो सोन्याचा मुलामा दिलेला माल. हौसेला, नाचगाण्याला, लग्नातल्या फोटोला उत्तम. घ्यायचा असेल तर परत पॉलिश करून देतात का, तेवढं विचारा. पण 'एक ग्रॅम सोनं' समजून घेऊ नका.

चांदीचं पैंजण हवं असेल तर 'हुपरीचा माल दाखवा' म्हणा. घुंगरांची कडी हाताने ओढून बघा आणि कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर तेच पुढे साडीचा धागा ओढणार.

टप्पा ७ : चप्पल, जेवणानंतर

गुजरीतून भाऊसिंगजी रोडच्या अंगाला निघालात की शिवाजी चौक आणि चप्पल लाइन जवळच. पण लगेच शिरू नका. आधी जेवून घ्या. कारण साधं आहे. दिवसभर चालून पाय थोडे फुगतात आणि चप्पल त्याच पायाला मापायची असते. सकाळी मापलेली चप्पल संध्याकाळी आवळते. दुसरं कारण, नवी चप्पल घेऊन देवळात जायचा प्रश्न आता उरलेला नाही. नवी कोरी कोल्हापुरी देवळाबाहेर काढून ठेवणं हे सोयरिकीआधी अहेर वाटण्यासारखं आहे.

क्रमाने बघा.

आधी वास. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला तुरट, मातकट वास येतो. रेक्झिनला रबराचा किंवा नुसता रंगाचा. मग कड बघा. तळ एकावर एक चामड्याचे थर देऊन केलेला असतो. कडेला जाड रंग थापून थर झाकले असतील तर कडेवर नख दाबा. मध्ये पुठ्ठा घातला असेल तर ते दबतं आणि मोकळं वाटतं. मग उलटी करा. तळाची शिलाई चामड्याच्या वादीने घातलेली दिसली पाहिजे, खिळा कुठेही नको. शेवटी अंगठा, कान आणि वेणी. कान म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेली पाती. ती तळात शिवून घेतलेली असतात. तिथे जोरात ओढून बघायला दुकानदाराची हरकत नसते, आणि असेल तर तेच उत्तर.

माप घेताना लोक हमखास एक नंबर मोठी घेतात, 'सैल बरी' म्हणून. कोल्हापुरीच्या बाबतीत हे उलटं आहे. चामडं पायाच्या आकाराने पसरतं. पट्टा आणि अंगठा पहिल्या दिवशी आवळच हवेत, फक्त टाच मागे तळाबाहेर यायला नको आणि करंगळी कानावर घासायला नको.

'काका, पट्टा लई आवळतोय.'

'आवळू दे की वो. चार दिवसांत पाय सांगंल तशी हुतीय. सैल दिली तर महिन्यानं माझ्याकडं परत याल.'

हे ते माल खपवायला म्हणत नाहीत. बरोबर सांगतात.

कोल्हापुरीतला कापशी हा प्रकार घट्ट आणि दणकट, रोजच्या वापराला चांगला. करकर वाजणारी चप्पल हवी असेल तर तसं आधी सांगा. तो आवाज मुद्दाम केलेला असतो, प्रत्येक जोडीत नसतो. ऑफिसला घालायची असेल तर घेऊच नका, मीटिंगमध्ये सगळ्यांना कळतं तुम्ही आलात ते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि त्यात कोल्हापूरसोबत सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हेही येतात. त्यामुळे 'ही अथणीची आहे', म्हणजे बेळगाव जिल्ह्यातली, असं दुकानदाराने सांगितलं तर फसलो असं समजू नका. हाताने शिवलेली, वनस्पतीत कमावलेल्या चामड्याची आहे का, एवढं बघा.

*तपासा :* दोन्ही पाय घालून दुकानात पाच-सहा पावलं चाला. एकाच पायात घालून 'होतंय होतंय' म्हणणारे बरेच परत येतात. बिलावर बदलून देण्याची मुदत लिहून घ्या.

कांदा-लसूण मसाला, संकेश्वरी मिरची, गूळ ही जड खरेदी इथून नाही, लक्ष्मीपुरीतून. तिकडे रविवारी आठवडी बाजारही भरतो. नाटक बघायचं असेल तर ही खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने जाऊन करा. भाजी हवी असली तर ताराबाई रोडवरची कपिलतीर्थ मंडई देवळाजवळ आहे, पण गावाला परतणाऱ्याने भाजी कशाला न्यायची, हा माझा प्रश्न राहतोच.

टप्पा ८ : नाटक असेल तर

आधी सगळ्यात मोठी चूक. 'कोल्हापुरात नाटक' म्हटलं की पाय आपोआप खासबागेतल्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाकडे वळतात. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, रंगमंच आणि छप्पर गेलं, आणि नंतर पुनर्बांधणीचं काम हाती घेण्यात आलं. त्या काळात प्रयोग इतर सभागृहांत गेले. म्हणून तिकिटावर ठिकाण वाचा आणि जाहिरातीशी ताडून घ्या. शाहू स्मारक भवन दसरा चौकात आहे, गडकरी सभागृह पेटाळ्यावर. खासबागेत उभं राहून हे कळलं तर पहिला प्रवेश गेलाच.

पिशव्या आधी गाडीत किंवा लॉजवर टाका. मांडीवर चपलेचा खोका घेऊन अडीच तास बसणं तुम्हालाही नको आणि शेजारच्यालाही. तिसऱ्या घंटेच्या आधी खुर्चीत असा. अंधारात मोबाइलचा उजेड पाडत रांग शोधणाऱ्याला कोल्हापूरचा प्रेक्षक मोठ्याने आणि नेमक्या शब्दांत बसायला सांगतो. प्लॅन बघून सीट निवडता येत असेल तर बाल्कनीच्या पहिल्या रांगेपेक्षा खाली मधल्या रांगा घ्या. नटाचा चेहरा दिसला पाहिजे.

रात्री साडेनऊचा प्रयोग बारापर्यंत जातो. तेव्हा केएमटी मिळेल या भरवशावर राहू नका. रिक्षाचं आधीच बोलून ठेवा.

टप्पा ९ : नाटक नसेल तर खासबाग किंवा गंगावेश, दोन्ही नाही

ही दोन ठिकाणं फेरीच्या दोन टोकांना आहेत. संध्याकाळी एकच निवडा.

खासबागेला जायचं तर भवानी मंडपातून मिरजकर तिकटीकडे चाला. कुस्त्या असतील तर शहरभर पोस्टर लागलेले असतात. शाहू खासबाग मैदान वाडग्यासारखं खोलगट आहे, कुठेही बसलं तरी आखाडा दिसतो. पण मोठ्या लढती शेवटी होतात. लवकर जाऊन पोरांच्या कुस्त्या बघा, मधेच उठून जागा सोडू नका. कुस्ती नसेल तर बाहेर खाऊ गल्ली आहेच. भेळ आधी, लोणी डोसा नंतर. उलटं केलं तर भेळेला पोटात जागा राहत नाही.

गंगावेशला जायचं तर पापाची तिकटीवरून पुढे. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. तुमच्या डोळ्यांसमोर धार काढतात, फेस वर येतो, आणि ग्लास हातात येतो तेव्हा तो कोमट असतो. हे दूध न तापवलेलं असतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि नाजूक पोटाच्या माणसांनी नुसतं बघावं.

टप्पा १० : घरी गेल्यावर, चपलेचं

दिवस नीट गेला तरी चप्पल घरी बिघडते. पहिला आठवडा रोज तास-दीड तास घरातच घाला. अंगठ्याच्या आत आणि पट्ट्याखाली एरंडेल किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा, रात्रभर मुरू द्या. तेलाने रंग थोडा गडद होतो, त्याला घाबरू नका. तळाला तेल लावू नका, फरशीवर घसराल. पावसाळ्यात कागदात गुंडाळून, प्लास्टिकची पिशवी न वापरता, कोरड्या जागी ठेवा. भिजलीच तर फडक्याने टिपून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलं तर चामडं आकसतं, तडकतं, आणि मग ती कुणालाच दुरुस्त करता येत नाही.